डोह राखणाऱ्यांनाच मी पकडलं

इतकी वर्षं झाली, पण कृष्णाकाठच्या त्या डोहाची केस माझ्या डोक्यातून जात नाही. आठवली की अजून संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच असतो.

बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवस. मी सातारा जिल्ह्यात नदीकाठच्या एका ठाण्याचा फौजदार होतो. नदीच्या अलीकडची हद्द आमची, पलीकडे संस्थानची. कुठे तारा तुटत, कुठे रूळ उखडत, आणि वरून रोज एकच हुकूम येई, सुरुंगाची दारू कुणाकडे आहे ते शोधा. त्यामुळे कुठं टायर फुटला तरी आमचे कान उभे राहत.

ठाण्यापासून कोसभर अंतरावर एक मोठा डोह होता. उन्हाळ्यात नदी आटली की सगळा मासा त्या डोहात जमा होई. काठच्या भोयांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज असा, की होळी झाली की डोहात जाळं टाकायचं नाही. थेट नदीला नवं पाणी येईपर्यंत. तोवर त्यांनी वाळूत कलिंगडं लावायची, उथळ पाण्यातलं किडूकमिडूक धरायचं आणि पाळीपाळीनं डोह राखायचा. डोहातला मासा हे पुढच्या सालाचं बियाणं, असं ते मानत. ते कुठंही लिहिलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं.

चैत्रात त्यांचा म्हातारा नाईक ठाण्यात आला. कुणीतरी डोहात बार उडवतंय, मासा मरतोय, म्हणाला. जमादारानं त्याला हद्दीचं कारण सांगून वाटेला लावलं. आठवड्यानं तो पुन्हा आला. मी टपाल चाळत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "मासे मेले म्हणून फिर्याद घ्यायची का मी? आधी पुरावा आण, मग बोल."

"व्हय सायेब," एवढंच बोलून तो गेला. स्टेशन डायरीत त्याची एक ओळही नोंद झाली नाही.

पंधरा दिवसांनी खबऱ्यानं बातमी आणली, की भोयांच्या खोपटात सुरुंगाची वात आहे. मी दोन पंच आणि चार शिपाई घेऊन वाळूत उतरलो. नाईकाच्या खोपटात आढ्याला एक गाठोडं टांगलेलं होतं. त्यात अर्धवट जळालेली वात, मेणकागदाचे तुकडे आणि सुरुंग पेटवायची एक न उडालेली तांब्याची टोपी. रीतसर पंचनामा झाला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

म्हातारा म्हणाला, "आवं सायेब, तुमीच म्हनला हुता, पुरावा आन. काठावनं येचून ठेवलंय. बाजारादिशी घिऊन येनार हुतो."

मला माझं बोलणं आठवलं, हे खोटं कशाला सांगू? पण पकडलेला माणूस काहीही निमित्त सांगतो, या माझ्या अनुभवाचा मला गर्व होता. मी म्हाताऱ्याला बेड्या घालायला सांगितल्या. तेवढ्यात त्याचा थोरला मुलगा पुढं झाला. अंगापिंडानं मजबूत, तिशीच्या आतला.

"बापाला सोडा. गठुडं माझं हाय," तो म्हणाला.

मी त्याला कोठडीत टाकलं. तीन दिवस चौकशी केली. दारू कुठून आणली? कुणासाठी? भूमिगतांपैकी कोण भेटतो? तो एकच सांगे, "आमी डोह राखतोय, सायेब." जमादारानं हात उचलला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. थांबवलं नाही. चौथ्या दिवशी वरिष्ठ साहेब दौऱ्यावर आले. त्यांनी कागद पाहिले आणि उद्या या माणसाला जिल्ह्याला पाठवा म्हणाले. तिथून तो स्थानबद्ध झाला असता, आणि मग खटला नाही, जामीन नाही, सुटकेची तारीख नाही.

साहेबांचा मुक्काम सरकारी बंगल्यावर होता. पुलाचं काम करणाऱ्या ठेकेदारानं सकाळीच मासळीची एक पाटी भेट पाठवली होती. मासे मोठे, हातभर लांबीचे. साफ करायला खानसाम्यानं नेहमीप्रमाणे भोयांची सून बोलावली. ती त्या कोठडीतल्या माणसाचीच बायको, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी मागच्या पडवीत बंदोबस्ताला उभा होतो.

तिनं एक मासा उचलला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो जाळ्यातला न्हाई."

"कशावरून?"

"जाळ्यातल्याच्या अंगाव सुताचं वळ असत्यात. ह्येच्या हायती का?" तिनं विळीवर त्याचं पोट फाडलं. माशाच्या पोटात हवेची पांढरी पिशवी असते, भोई तिला फुगा म्हणतात. तो चिंध्या होऊन फुटलेला होता. पाठीच्या कण्याला रक्त साकळलं होतं. शेजारी गाभोळी, म्हणजे अंड्यांच्या दोन भरलेल्या पिशव्या. "बार झाला की फुगा असा फुटतुया. आन कल्लं बगा, लालभडक. आज सकाळचा मासा हाय ह्यो."

मी वाकून पाटीतल्या दुसऱ्या माशाचे कल्ले उघडून पाहिले.

"माझा मालक चार दिस झालं तुमच्या कोठडीत हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मंग आज बार कुनी उडिवला, सायेब? गेल्या म्हैन्यात तुमच्या ठान्यातबी अशीच पाटी गेलती. तवा न्हाई का दिसलं?"

गेली होती. मी चवीनं खाल्ली होती. बाईसमोर मान खाली घालण्याची माझी नोकरीतली ती पहिलीच वेळ.

मी तसाच डोहावर गेलो. भोई पाण्यात बुड्या मारून मेलेला मासा वर काढत होते. बोटाएवढी पिल्लंसुद्धा वाळूवर पांढरी पडली होती. म्हातारा मासे वेचत राहिला. मीच विचारलं तेव्हा म्हणाला, "वर तरंगत्यात ती ठेकेदार नेतोय. लय मासं तळाला बसत्यात, त्येनं पानी नासतंय. आन तेच पानी गाव पितंय."

तिथून ठेकेदाराच्या खाणीवर. तिथल्या मुकादमाला ठाण्यात आणून समोर बसवलं. दमदाटी करावी लागलीच नाही. बिडी संपायच्या आत त्यानं सगळं सांगितलं. दगड फोडायला मिळालेल्या दारूतली कांडी दगडाला बांधून डोहात टाकायची, आणि मोठ्या साहेबांचा दौरा असला की हमखास टाकायची. त्याला त्यात गुन्हा काय तेच कळेना. "नदी काय कुनाच्या बापाची हाय का?" असं त्यानं मलाच विचारलं. कोठडीतल्या मुलानं ते गजाआडून ऐकलं आणि पहिल्यांदाच ओरडला, "कुनाची न्हाई म्हनूनच राखायची असती रं!"

मी साहेबांपुढे जबाब ठेवला. ते जेवायला बसले होते. म्हणाले, "फौजदार, युद्ध चालू आहे. पूल थांबवायचा का चार माशांसाठी?" आणि घास घेतला. ठेकेदाराला ताकीद मिळाली, मुकादमाची नोकरी गेली आणि पूल ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला. ज्या दारूसाठी आम्ही गरिबांची खोपटं उचकत होतो, ती सरकारी परवान्यानं नदीत पडत होती, आणि तिनं मारलेला मासा आम्हीच ताटात घेत होतो. याची चीड मला तेव्हा आली आणि आजही येते.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. भोयाच्या मुलाला त्याच दिवशी सोडलं. सुटकेचं कारण ‘पुराव्याअभावी’ लिहा, असं साहेबांनी सुचवलं होतं. मी ‘निर्दोष’ लिहिलं. खाणीच्या दारूच्या कोठीवर माझा शिपाई बसवला, त्यानंतर डोहात बार झाला नाही. मुलाची माफी मात्र मी मागितली नाही. वर्दीत ते जमलं नाही, आणि वर्दी उतरली तेव्हा उशीर झाला होता.

पुढे मी म्हाताऱ्याला त्याचं गाठोडं परत घ्यायला बोलावलं. टोपी तेवढी निकामी करून काढून घेतली होती. त्यानं हात पुढं केला नाही.

"ऱ्हाऊ द्या ठान्यातच," तो म्हणाला. "तुमी बदलून जाशिला. म्होरल्या फौजदाराला दावा. म्हंजी आमाला पयल्यापासनं पुरावा येचाया नगं."

तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे मान वर करून बघायचं, एवढं ही केस मला शिकवून गेली. ते शिकायला फौजदारकीची आठ वर्षं आणि दुसऱ्याच्या मुलाची पाठ लागली.

वर्षभरानं बदली झाली. चार्ज देताना मी ते गाठोडं नव्या फौजदाराच्या टेबलावर ठेवलं आणि त्याची गाठ सोडली. वातीचा तुकडा बघून तो दचकला.

"कोणत्या आरोपीचा मुद्देमाल हा?" त्यानं विचारलं.

"माझा," मी म्हणालो, आणि त्याला बसायला सांगून पहिल्यापासून सगळं सांगितलं.