मार्थाबाईंचा पहिला रविवार

नाताळच्या करंज्या आमच्या उस्मानपुऱ्यात एकटीदुकटीनं करायच्या नसत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्या बायका मिळून. पण आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी आमच्या गल्लीतल्या मार्थाबाई शहागंजला जाऊन येईपर्यंत त्यांच्या घरी परातीला हात लागत नसे. “आधी माफी, मग मैदा,” म्हणायच्या.

मी तेव्हा नवी सून. अक्कल बेताची, पण कातण फिरवण्यात जगज्जेती, असं माझंच मत. मी बायकांत कुजबुजायचे, “एवढी कसली पापं केलीत हिनं? प्रार्थनेला तर पाळकांच्याही आधी हजर!” सगळ्या फिदीफिदी हसायच्या. मार्थाबाईंना ऐकू जायचं. त्या म्हणायच्या, “हास गं, सुशीले. दात हायेत तवर हासून घ्यावं.”

एका वर्षी त्यांचे गुडघे धरले. मला म्हणाल्या, “चल संगं. तेवढं त्वांड मिटून.” टांग्यात मी विचारलं, “जायचंय कुणाकडं?”

“जैबुनकडं. आधी शेजारीण व्हती माझी. पोलीस ॲक्शनच्या टायमाला, निजामाचं राज्य गेलं तवा, लोक मुसलमानांच्या जिवावर उठले व्हते. भरदुपारी लेक काखेत घेऊन आली, दार वाजवलं. म्या उघडलं नाय.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दोन लुगडी असली तर एक देऊन टाकणारी ही बाई!

जैबुनबी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. मार्थाबाई उंबऱ्याशीच हात जोडून म्हणाल्या, “जैबुन, गलती हुई. माफ कर.” आणि वळल्या. दर वर्षी एवढंच होत असणार. पण त्या दिवशी यंत्र थांबलं.

“ठैर मार्था. हर साल आती, माफी मांगती, भाग जाती. अपना बोझा मेरे दरवाजे पे डालके जाती. मेरी बात कबी सुनी तू?”

मी मार्थाबाईंचा दंड धरला, निघू या म्हणून. त्यांनी माझा हात झटकला आणि गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसल्या. “बोल.”

“तेरी खांसी सुनी मैंने अंदरसे. मालूम था तू है. बच्ची रोती थी, मैं उसकू बोली, चुप, मार्था खाला खोलती अब. अब खोलती. कित्ती बार बोली, मालूम?”

पुढच्या गल्लीत कुणीतरी आत घेतलं म्हणून दोघी वाचल्या. पण हे सगळं सांगत तिथवर पोहोचायला जैबुनबींना दुपार सरेपर्यंत वेळ लागला. बोलता बोलता त्या मधेच थांबत, सुई पुसत, पुन्हा बोलत. मार्थाबाईंनी एकदाही ‘माझं चुकलं’ म्हटलं नाही, डोळेसुद्धा पुसले नाहीत. नुसत्या ऐकत राहिल्या. आणि मी, कातणसम्राज्ञी, हुंदके देत होते. शेवटी जैबुनबीच वैतागल्या, “इसकू कायकू लाई? इसकू पानी दे कोई!”

मग त्यांनी यंत्रात दोरा ओवला. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. मान वर न करता म्हणाल्या, “अबी बात अधूरीच है. अगले इतवार आ.”

मार्थाबाईंना उठवताना मी घाबरत त्यांच्याकडं पाहिलं. वाटलं, बाई कोसळणार. पण एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. गल्लीत येऊन माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत म्हणाल्या, “ऐकलंस का, सुशीले? ये म्हणाली.”