कूलरसमोरचं नायलॉन

मंडळी, आज दुपारी डबा पोटभर खाल्ला. आठवडाभर घास उतरत नव्हता.

वाळूजच्या एका कारखान्यात मी टेस्टिंग लॅब बघतो. एकाच पोत्यातलं नायलॉन आम्ही तपासलं, बाहेरच्या दोन लॅबनीही तपासलं. वितळल्यावर ते किती भरभर वाहतं, एवढंच मोजायचं होतं. त्या दोन्ही लॅबचे आकडे एकमेकांशी जुळले, आमचंच नायलॉन पाण्यासारखं वाहिलं.

साहेब म्हणाले, "तुमचं मशीन गेलं. लॅब बंद करू, टेस्टिंग बाहेरूनच करून घेऊ."

आज सकाळी त्यातल्याच पुण्याच्या लॅबमधल्या मॅडमना फोन लावला.

"सॅम्पल वाळवता ना?"

"व्हय, ओव्हनमध्ये."

"आणि काढल्यावर कुठं ठेवता?"

मी मागं वळून बघितलं. टेबलावर उघडा ट्रे, अन् समोर आमचा पाण्याचा कूलर जोरात चालू! नायलॉन हवेतली ओल पितं आन् ओलं झालं की जास्त वाहतं, हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण मे महिन्यात इथं कूलरशिवाय जीव राहत नाय, त्याच्यावर संशय कोण घेणार?

कूलर बंद केला. नायलॉन पुन्हा वाळवलं, बरणीत घट्ट झाकलं, मग मशीनला लावलं. आकडा जुळला! माझे जोडीदार रफिकभाई खुर्चीत बसतच म्हणाले, "अब जान में जान आयी."

साहेबांनी आकडा बघितला. मशीन राहिलं, आम्हीपण राहिलो. कूलर तेवढा व्हरांड्यात गेला.

आता लॅबमध्ये दोघं घामानं निथळतोय आणि येड्यासारखं हसतोय. खरं सांगा, उकाड्याचा एवढा आनंद तुम्हाला कधी झालाय का?