नवा दिवा लावून बायकोला आणायला गेलो

त्या दिवशी सकाळपासून धुरकं पडलेलं. पौषातली थंडी, त्यात हायवेची धूळ, त्यात कोण कुठे काय जाळत होतं देव जाणे. माजिवड्याचा पूल अर्धाच दिसत होता. उरलेला कोणी पुसून टाकलाय की काय, असं वाटत होतं. भर दुपारी सूर्य म्हणजे ताकात तरंगणारा लोण्याचा गोळा.

असल्या हवेत शहाणा माणूस घरी बसतो. आणि मी काय केलं? आता काय सांगू, ऐकाच, आणि हसा खुशाल. शेजारी हसले, हवालदार हसला, तुम्हीच कशाला मागे राहता?

मी रिक्षा चालवतो. आता वयामुळे थोडीच. सकाळी दोन-चार भाडी, संध्याकाळी एखादं. माजिवडा गावात चाळीत पहिल्या मजल्यावर आमची खोली. लेकी दोन्ही उजवल्या, त्यामुळे खोलीत मी आणि ही. ही म्हणजे आमची मंडळी. तिचं नाव मी उखाण्यातच घेतलंय, तेही लग्नात. तेव्हा ते सध्या राहू द्या.

दिवाळी झाल्या झाल्या ही चिपळूणला गेली, धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला. जाताना म्हणाली, "महिन्यात येते." महिना झाला. मग बाळाला सर्दी झाली. मग लेकीची कंबर धरली. मग बाळाला आजीच्या मांडीशिवाय झोप येईना. अहो, तिकडे त्या बाळाला झोप येईना, पण इकडे या म्हाताऱ्या बाळाला कुठे येत होती? ते कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट सांगतो. इतकी वर्षं मी संध्याकाळी जिना चढून दारात पाऊल टाकलं, की नेमका त्याच वेळी चहा गाळला जायचा. आधी नाही, नंतर नाही. कधी लवकर आलो, कधी ट्रॅफिकमध्ये सडून उशिरा आलो, तरी चहा आपला वाफाळताच. हिला कसं कळायचं? मी कधी विचारलं नाही. वाटायचं, बायकांना कळतं. देवाला जसं सगळं कळतं, तसं.

ही गेल्यावरसुद्धा मी दारात येऊन क्षणभर थांबायचो. सवयीने हो. कपाचा आवाज येत नाही म्हटल्यावर आत जाऊन आपणच गॅस पेटवायचो. चहा व्हायचा दोन कप, कारण एका कपाला पाणी किती लागतं ते हाताला माहीतच नव्हतं. दुसरा कप शेजारच्या फिलोमिनाबाईला नेऊन द्यायचो. ती माझ्याहून मोठी, त्यामुळे सगळं अरे-तुरेच.

"तात्या, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" ती तोंड वाकडं करून प्यायची. "तुझ्या बायकोला बोलव रे बाबा. माझ्या पोटासाठी तरी बोलव!"

तर त्या धुरक्याच्या दिवशी सकाळी हिचा फोन आला.

"अहो, निघतेय आज. संध्याकाळी एसटी खोपटला लागेल. न्यायला याल ना?"

"याल म्हणजे काय! येतोच."

"गाठोडं आहे सोबत. कुळीथ आहेत, तांदूळ आहेत. स्टँडच्या बाहेर नेहमीच्या जागी थांबा. मी बघते तुमची रिक्षा."

बघते म्हणाली! आता तुम्हीच सांगा, खोपटच्या बाहेर रिक्षा काय कमी असतात? सगळ्या काळ्या-पिवळ्या, सगळ्यांची तोंडं सारखी. हिला नंबर वाचता येत नाही. मला येतो, पण तोही रस्त्यावरच्या पाट्या बघून बघून शिकलेला. आणि वर हे धुरकं. मला काळजी लागली. एवढ्या गर्दीत हिला मी दिसणार कसा?

त्यात सकाळी भाडं मिळालं कल्याणचं. ते सोडून परत फिरताना सलीमभाईची टपरी लागली. सलीमभाई गाडीच्या वायरिंगचं काम करतो, जुना दोस्त. टपरीबाहेर कोणाची तरी रिक्षा उभी होती, आणि तिचा दिवा दिवसाढवळ्या असा पेटलेला, जसं काही आत चांदणं कोंडलंय.

"हे काय रे, सलीमभाई?"

"एलईडी. सगळे हाच लावतात आता. तुमच्या रिक्षात काय आहे? हॅलोजन. पिवळा. तात्या, तुमचा दिवा म्हणजे खाटेवर पडलेला म्हातारा. आहे, एवढंच."

"हा लावला तर मी दुरून दिसेन?"

"दिसेन? समोरचा घाबरून बाजूला होईल!"

"मग लाव."

त्याने जुना बल्ब काढला, कागदात गुंडाळला आणि माझ्या खिशात घातला. "असू द्या, कधी लागला तर." मग नवा बसवला, पेटवला, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"तात्या, तुमची ही काच जुन्या बल्बची आहे. हा उजेड हिच्यात पसरतोय, वर जातोय. थांबा, दिवा जरा खाली वाकवून देतो. नाहीतर समोरच्याच्या थेट डोळ्यांत."

आणि इथेच, मंडळी, मी माती खाल्ली.

"नको, नको," म्हटलं. "वरच राहू दे. एसटीतून उतरणाऱ्याला दिसलो पाहिजे."

"कोण येतंय?"

"घरचं माणूस."

सलीमभाई हसला आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. प्रेमाच्या मामल्यात मेकॅनिकने पडू नये, असं त्याला वाटलं असावं. पडला असता तर बरं झालं असतं.

घरी आलो. रिक्षा धुतली, सीट पुसली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फोन चार्जिंगला लावलेला, तो घाईत तसाच राहिला, आणि मी खोलीला कुलूप घालून निघालो. गॅलरीत फिलोमिनाबाई लसूण सोलत बसलेली.

"काय रे तात्या, लग्नाला चाललास?"

"हो," म्हटलं. "माझ्याच."

दिवेलागणीला हायवेवर आलो आणि काय सांगू, चमत्कार! पुढच्या गाड्या भराभर बाजूला होऊ लागल्या. टेम्पो झाला, मोटार झाली, एक बुलेटवालासुद्धा झाला. रिक्षाला कोणी कधी वाट दिलीय? मला वाटलं, या धुरक्याने माणसांत माणुसकी आली. समोरून येणारे हात करत होते, ओरडत होते. मीही सगळ्यांना हात केला.

सिग्नलला एक हवालदार डोळ्यांवर पंजा धरून आला.

"ओ काका! विमान उतरवताय का इथे?"

"साहेब, बायको येतेय गावाहून."

"म्हणून आम्हाला आंधळं करणार? तो दिवा खाली करा आधी!"

"करतो, करतो," म्हटलं. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मीही सुटलो.

खोपटला स्टँडच्या बाहेर, रसवंतीसमोर, आमच्या नेहमीच्या जागी रिक्षा लावली. तोंड फाटकाकडे. इंजिन चालू, दिवा चालू. एसटी लागली. माणसं बाहेर येऊ लागली, आणि फाटकात आलं की ज्याचा त्याचा हात कपाळावर. मला वाटलं, बिचारे प्रवासाने दमलेत.

आणि मग ती दिसली.

तीच हिरवी साडी. तीच डाव्या पायावर किंचित दबून चालण्याची ढब. हातात पिशवी, काखेत गाठोडं. थोडी वाळली होती. माझ्या छातीत काय झालं ते सांगत बसत नाही, तुमचं तुम्ही समजून घ्या. मी सरळ दिवा वर-खाली, अप्पर-डिपर सुरू केला. एकदा-दोनदा नव्हे, ढोलकीवर थाप पडावी तसा. वर हॉर्न.

तिने पटकन पदर डोळ्यांवर ओढला.

लाजली! मला भरून आलं. एवढ्या वर्षांनी, भर खोपटमध्ये, लाजली!

मग तिने हात उंचावून काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण मी ओळखलं, 'आले, आले' म्हणत असणार. मी आणखी जोरात अप्पर-डिपर मारला.

ती काय म्हणत होती, ते मला नंतर सगळ्या चाळीने सांगितलं: "मेल्या, डोळे फोडतोस काय? तुझ्या घरात आयाबहिणी नाहीत?"

मग ती रांगेतल्या रिक्षांकडे एकेक करून बघत निघाली. सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे सोडून. माझ्याकडे बघणार कोण? तिने फोन कानाला लावला. तिकडे माजिवड्याला, बंद खोलीत, माझा फोन इमानेइतबारे वाजला असणार. रांगेच्या टोकाला एक जुनी रिक्षा होती, मिणमिणत्या पिवळ्या दिव्याची. तिच्याकडे ही लगबगीने गेली, वाकून आत बघितलं, आणि थबकली. इकडे तिकडे बघत बराच वेळ थांबली. शेवटी काहीतरी बोलली आणि बसली की हो आत!

मी उडी मारून उतरलो. "अगं! अगं ए!"

आता खोपटच्या बाहेर 'अगं ए' म्हटल्यावर काय होणार? निम्म्या बायका वळल्या. माझी तेवढी वळली नाही. ती रिक्षा निघाली.

मग मी काय केलं असेल? पाठलाग! स्वतःच्या बायकोचा! पुढे ती पिवळ्या दिव्याची रिक्षा, मागे मी, अप्पर-डिपर मारत, हॉर्न वाजवत. पुढचा जोरात पळायला लागला. मी म्हटलं, काय बेफाम चालवतो हा, हिला कंबरेचा त्रास आहे! म्हणून मीही वेग वाढवला, त्याला सांगायला. तो आणखी पळाला. आत ही त्याला सांगत होती, "बाबा, दामटव, तो आंधळं करणारा मेला मागे लागलाय!"

सिग्नलला तोच हवालदार. पुढच्या रिक्षाने थांबून त्याला काहीतरी सांगितलं आणि ती सुटली. मला त्याने बाजूला घेतलं.

"काका, तुम्ही? या वयात? बाईमाणसाच्या मागे लागता?"

"साहेब, ती माझी बायको आहे."

"बायको आहे, तर तुमच्या रिक्षात का नाही बसली?"

मी पुढे गेलेल्या रिक्षाकडे नुसतं बोट दाखवलं.

"फोन लावा तिला."

"फोन घरी राहिला."

"माझ्यावरून लावा. नंबर सांगा."

"नंबर फोनमध्ये आहे, साहेब. गुलाबाच्या चित्रावर दाबलं की लागतो."

हवालदाराने मोठा श्वास घेतला. "नाव तरी सांगाल का बायकोचं?"

मागे गाड्या तुंबलेल्या, लोक बघतायत, आणि मी नवरदेवासारखा मान खाली घालून उभा.

"सुमती," म्हटलं. भर हायवेवर. उखाण्याशिवाय.

आणि एकदा नाव तोंडून गेल्यावर मला थांबताच येईना. दिवाळीपासून गेलीय म्हणालो. दोन कप चहा करतो म्हणालो, एक शेजारी देतो, तीही तोंड वाकडं करते म्हणालो. तिला दुरून दिसावं म्हणून दिवा लावला, आणि तेवढा सोडून सगळ्यांना दिसलो, म्हणालो.

हवालदार आधी हसला. मग त्याने मागे तुंबलेल्या गाड्यांना हात केला. "जा, काका. पण तो सूर्य झाका आधी."

मी खांद्यावरचा टॉवेल दिव्याला गुंडाळला आणि गोगलगायीच्या चालीने, रस्त्याची कड धरून घरी आलो.

चाळीच्या गॅलरीत दोघी उभ्या. खोलीला कुलूप, चावी माझ्या खिशात, म्हणून ही फिलोमिनाबाईकडे थांबलेली. कठड्यावर पुढे वाकून नाक्याकडे डोळे लावलेले. मी अगदी खाली येऊन थांबलो, तरी तिचं लक्ष नाक्यावरच.

"फिलोमिना, खोपटला नव्हते गं ते," म्हणत होती. आवाज रडवेला. "फोन आत वाजतोय. माणूस गेला कुठे?"

मी खालून हाक मारली. या वेळी 'अगं ए' नाही.

"सुमती!"

तिने खाली बघितलं. पदर तोंडाला गेला. मग तिची नजर माझ्या रिक्षाच्या तोंडाकडे वळली. टॉवेलातून पांढरा उजेड गळत होता. तिने उजेडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा उजेडाकडे बघितलं. आणि आत निघून गेली.

मी खाली उभा. खिशातल्या कागदातल्या बल्बवर हात ठेवून. आत दोघींची कुजबुज झाली. मग हिचं हसू ऐकू आलं. दिवाळीपासून ऐकलं नव्हतं हो ते. मला वाटलं, झालं, सुटलो. मी जिन्याकडे पाऊल टाकलं, एवढ्यात फिलोमिनाबाई कठड्याशी आली.

"तात्या, चावी वर टाक, आणि तू तिथेच थांब! ती सांगते, इतकी वर्षं नाक्यावर तुझा तो मरतुकडा पिवळा दिवा दिसला, की ती आधण ठेवायची. तेव्हा आता तो दिवा परत बसव, नाक्यापर्यंत जा, आणि वळून नीट घरी ये. पांढऱ्या दिव्याच्या मेल्याला ती चहा देत नाही!"