महिला गटात मी पहिला

मी आयुष्यात एकदाच धावण्याच्या शर्यतीत पहिला आलो, आणि ती शर्यत पन्नाशीवरच्या महिलांची होती.

हे वाचून तुम्ही जेवढे गोंधळलात, त्याच्या चौपट मी त्या दिवशी गोंधळलो होतो. (अजूनही मला सगळं समजलंय, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.) तरी जमेल तसं सांगतो.

मी नांदेडला एका शाळेत चित्रकला शिकवतो. माझा आणि पळण्याचा संबंध एवढाच, की तासाची घंटा झाली की मुलं पळतात आणि मी बघतो. आमच्या घरात खरं पळणारं माणूस एकच, माझी बायको शोभा. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं. ती चालायला लागली, मग भरभर चालायला लागली, आणि एक दिवस पळत सुटली ती थांबलीच नाही! सहा महिने रोज सकाळी विष्णुपुरीच्या रस्त्यानं जायची. तिच्याबरोबर मीही बूट घालून निघायचो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून ती पुढं जायची आणि मी सलीमभाईच्या ओट्यावर बसायचो. सलीमभाईचं कोपऱ्यावर शिलाईचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. ती परत येताना दिसली की मी तोंडावर पाण्याचा हबका मारून तिच्यामागं घरात शिरायचो.

"दमले वाटतं लई?" ती विचारायची.

"आज जरा जास्तच झालं," मी धापा टाकत म्हणायचो. (एका जागी तासभर बसून धापा टाकणं सोपं नसतं. करून बघा.)

आमची मुलगी राणी लातूरला दिलेली आहे. आईच्या पळण्याचं तिला भारी कौतुक. नांदेडला दहा किलोमीटरची मोठी शर्यत आहे म्हटल्यावर तिनं तिकडून मोबाइलवरच आईचं नाव नोंदवलं आणि वर उत्साहाच्या भरात माझंही! मग फोनवर विचारलं, "बाबा, टी-शर्टचा साइज सांगा."

"एम," मी म्हणालो. माझ्या लग्नातल्या सदऱ्याचा साइज तो होता आणि नंतर कुणी विचारलंच नव्हतं. शोभानं स्वतःसाठी डबल एक्सएल मागवला. सलवारीवर चांगला ढगळ, लांब यावा म्हणून.

पिशव्या आल्या. त्यात टी-शर्ट, छातीवर लावायचा नंबर आणि सूचनांचा एक लांबलचक कागद. कागद मी न वाचता लाडवांच्या डब्याखाली घातला. नंबरच्या मागं स्पंजासारखी एक पट्टी चिकटवलेली होती. ती घाम टिपायला असेल, असं मला वाटलं. शोभानं आदल्या दिवशी दोन्ही टी-शर्टांवर चार कोपऱ्यांना चार पिना मारून नंबर असे सरळ लावले, की मी चित्रकलेत तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

शर्यतीच्या सकाळी मी टी-शर्ट घालायला घेतला. डोकं गेलं, हात गेले, पोटावर मात्र गाडी अडली. वरून ओढलं तर खालून उघडं, खालून ओढलं तर श्वास बंद.

"शोभे, तुझा दे. माझा तू घाल."

"आन् नंबर? पिना काढून बदलावं लागंल की."

"राहू दे गं! एसटीत आपण सीट बदलून बसतो, तेव्हा कंडक्टर काय म्हणतो का? माणसं मोजायला असतात हे नंबर."

तिलाही पटलं. सहा महिन्यांत ती इतकी बारीक झाली होती, की माझा एम तिला अगदी बेतात बसला. तिनं वरून ओढणी आवळून बांधली, आणि मी तिच्या डबल एक्सएलमध्ये सुखानं श्वास घेतला. इथवर सगळं उत्तम होतं.

शर्यत सुरू होण्याच्या जागी रस्त्यावर एक रबरी पट्टा अंथरला होता. हजारभर माणसं त्याच्यावरून धडधडत गेली. शोभा बघता बघता दिसेनाशी झाली. मी एक किलोमीटर रेटला. मग पायांनी आणि छातीनं एकाच वेळी राजीनामा दिला. मी एका बाभळीला धरून उभा राहिलो, तर मागून ओळखीच्या स्कूटरचा हॉर्न. सलीमभाई! दूध आणायला निघाले होते.

"मास्तर, ह्ये काय हाल करून घेतलं?"

"सलीमभाई, मी संपलो. पण शोभाच्या आधी किंवा मागं, कसं का होईना, शेवटपर्यंत पोचायलाच पाहिजे. न्हाईतर सहा महिने मी कुठं पळून राहिलो, ते तिला कळंल."

सलीमभाईंनी दुधाची किटली हँडलला अडकवली. "बसा. माझ्या ओट्याच्या इज्जतीचा बी सवाल हाय."

कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं आम्ही निघालो. फार लवकर पोचलो तर संशय येईल म्हणून वाटेत सावकाश दोन-दोन कप चहा घेतला. (मी काही कच्चा गुन्हेगार नाही!) पाच किलोमीटरवर माघारी वळायचं होतं. तिथं झुडपाआड उतरून मी गर्दीत घुसलो. तिथंही तसाच रबरी पट्टा. त्याच्यावर पाय आपटून पुढच्या वळणापर्यंत धावलो आणि पुन्हा स्कूटरवर. येताना पोह्यांच्या गाडीवर वेळ काढायचा बेत होता, पण गाडीवाला नेमका शर्यत बघायला गेलेला! त्यामुळं फारच लवकर आम्ही मैदानाच्या भिंतीमागं हजर झालो. आता इथं वीस मिनिटं लपून बसू, असं मी म्हणतोय, तेवढ्यात बंदोबस्ताच्या हवालदारानं मला पाहिलं.

"काका! इथं कामून बसले? थोडंच ऱ्हायलं की! उठा!"

"साहेब, जरा दम..."

"दम बिम काही न्हाई! चला, म्या हाय संगं!" आणि त्या भल्या माणसानं माझा दंड धरून, लोकांना टाळ्या वाजवायला लावत, मला शेवटच्या पट्ट्यावरून पार केलं. एवढ्या मायेनं पोलिसांनी आजवर कुणाला पकडलं नसेल.

मी गर्दीत जाऊन एका तंबूच्या सावलीत केळं खात बसलो. एवढ्यात राणीचा फोन.

"बाबा! आई कुठाय? आई पोचली ना! माझ्या मोबाइलवर आलंय! एक्कावन्न मिनिटं! पन्नाशीवरच्या बायकांत पहिली!"

"अगं, ती अजून आलीच नाही."

"आली म्हणून काय सांगते मी! आणि तुम्ही अजून रस्त्यातच आहात असं दाखवतंय."

मी स्वतःकडं बघितलं. हातातल्या केळ्याकडं बघितलं. "मी इथं आहे," मी म्हणालो, पण तितक्या खात्रीनं नाही.

"बाबा, यंत्र चुकत नाही. तुम्ही गोंधळताय. थांबा, सासूबाई पेढे वाटायला निघाल्यात, मी व्हिडिओ कॉल लावते!"

शर्यत सुरू झाल्यापासून बरोबर एक तास नऊ मिनिटांनी शोभा आली. घामानं निथळत, पण पाय शेवटपर्यंत उचलत. ती पट्ट्यावरून पार होते न होते तोच माइकवरून आवाज: "पन्नास वर्षांवरील महिला, प्रथम क्रमांक... सौ. शोभा कदम!"

शोभा जागच्या जागी थांबली. मग तिनं तोंडावर ओढणी धरली आणि रडायला लागली. गल्लीतल्या बायकांनी तिला जवळजवळ उचलूनच स्टेजवर नेलं. गळ्यात पदक पडलं. माझ्या हातातल्या मोबाइलवर लातूरचा सगळा गोतावळा दाटीवाटीनं टाळ्या वाजवत होता, मधोमध विहीणबाई पेढ्यांचा पुडा घेऊन. मला काहीच कळत नव्हतं, पण बायको एवढी आनंदात मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. म्हटलं, यंत्राला काहीतरी वेगळं दिसत असेल. तज्ज्ञ माणसांच्या कामात आपण कशाला बोला?

तेवढ्यात निकालाच्या लॅपटॉपसमोर बसलेल्या बाई उठून स्टेजवर आल्या. त्यांच्याबरोबर शर्यत भरवणारे डॉक्टर.

"मॅडम, परतीचे पाच किलोमीटर तुम्ही अकरा मिनिटांत पळालात?"

"पळाले असंल बाई," शोभा डोळे पुसत म्हणाली. "घड्याळाकडं कुठं बघितलं मी?"

"अहो, जगात आजवर कुणी एवढ्या कमी वेळात पळालेलं नाही!"

"अगं बाई!" शोभा म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

डॉक्टर पुढं आले. "ताई, राग मानू नका. पण मध्ये तुम्ही एखाद्या गाडीवर बसला होता का?"

मैदानातल्या आणि मोबाइलमधल्या लातूरच्याही टाळ्या एकदम थांबल्या. शोभाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी? गाडीवर? सहा महिने झाले, रोज सकाळी..." खाली बायकांत कुजबुज सुरू झाली. विहीणबाईंनी पेढ्यांचा पुडा हळूच मिटलेला मला दिसला.

सलीमभाई माझ्याजवळ सरकले. "मास्तर, चिप असते म्हणं त्या नंबराच्या मागं. माणूस कोणचा का असंना, ती नाव सांगती. भाभीचं नाव तुमच्या छातीवर हाय."

मी खाली बघितलं. घाम टिपायची पट्टी! पहिल्यांदाच माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. पळून जावं, असंही एकदा मनात आलं, पण पळणं मला जमत नाही हे सकाळीच सिद्ध झालं होतं. मी स्टेजवर चढलो.

"डॉक्टरसाहेब, ती बाई मी आहे."

"काय?"

"म्हणजे जी पहिली आली ती. माझ्या पोटामुळं झालं सगळं. मी तिच्या टी-शर्टात, ती माझ्या. त्यामुळं ती मी आहे आणि मी ती आहे."

"मग गाडीवर कोण बसलं? तुम्ही की त्या?"

"बसलो मी, पण बसल्या त्या. तुमच्या यंत्रात."

माइक चालू होता, हे मला हशा उसळल्यावर कळलं. अख्खं मैदान पोट धरून हसत होतं. हवालदारसाहेब तेवढे हसत नव्हते, ते माझ्याकडं फसवणूक झालेल्या माणसासारखे बघत होते. मी मग सगळंच सांगून टाकलं: चहा, झुडूप, भिंत, सहा महिन्यांचा ओटा. सलीमभाई खालून "बराबर, बराबर!" म्हणत साक्ष देत होते.

डॉक्टरांनी कागद वाचला. (तोच कागद, जो आमच्या घरी लाडवांच्या डब्याखाली होता.) नंबर बदलले की दोघंही बाद.

"ठीक हाय," शोभा म्हणाली. "तेवढी माझी खरी वेळ किती, ते सांगा."

लॅपटॉपच्या बाईंनी माझ्या नावाखाली बघितलं. "एक तास नऊ मिनिटं." "तुमच्या गटात तुमच्या नंतरच्या ताई एक तास चौदाला आल्यात. नंबर बदलले नसते, तर पहिल्या तुम्हीच होता."

हे ऐकून हसणारे सगळे थांबले. मला फार वाईट वाटलं. तिनं खरोखर जिंकलेलं मी स्कूटरवर बसून घालवलं होतं, आणि तेसुद्धा एम साइज सांगण्याच्या हौसेपायी. शोभानं गळ्यातलं पदक स्वतःच काढलं, त्या दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घातलं आणि खाली उतरली. बायकांबरोबर रिक्षात बसताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "जागा न्हाई." रिक्षात दोन माणसं सहज मावली असती. मी चालत घरी आलो.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर एक प्रमाणपत्र आलं. निकालातून नावं कापली, तरी ही प्रमाणपत्रं यंत्र आपोआप पाठवतं म्हणे. 'श्री. बळीराम कदम यांनी दहा किलोमीटर अंतर एक तास नऊ मिनिटांत यशस्वीपणे पूर्ण केले.' मी ते पुसून टाकणार, तोच शोभानं मोबाइल काढून घेतला. संध्याकाळी ती ते मोठ्या आकारात छापून, चौकट करून घेऊन आली आणि बैठकीत समोरच्या भिंतीवर लावलं.

आता येणारा प्रत्येक पाहुणा आधी ते वाचतो. "वा मास्तर! या वयात?" मी तोंड उघडायच्या आत शोभा आतून म्हणते, "हाव, लई पळतात." बस्स, पुढं एक शब्द नाही. पाहुणे माझ्या पोटाकडं बघतात आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

गेल्या रविवारी लातूरहून राणी, जावई आणि विहीणबाई आल्या. विहीणबाईंना सगळं माहीत होतं, तरी त्यांनी चौकटीकडं बघून मुद्दाम विचारलं, "शोभाताई, पळालात तुम्ही आणि नाव यांचं. राग न्हाई येत?"

"कशाचा राग?" शोभा पोह्यांच्या बश्या मांडत म्हणाली. "नाव त्यांचं, पळणं माझं. तीस वर्षं घर तरी कसं चाललंय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ताडकन उठलो, "चहा आज मी करतो" असं ठणकावून सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेलो. पाच मिनिटांनी बाहेर येऊन हळूच विचारलं, चहापत्तीचा डबा आपल्याकडं कुठं असतो.