पळायला सोबत हवी

ताई कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचा ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, आणि शेवटी कवळी घासून चकचकीत करून परत पाठवायची. वीस वर्षं हेच चाललंय. त्यांच्याकडे माणूस कधी येत नाही, नुसता जबडा येतो. लॅबमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

वय सेहेचाळीस. नवरा गोदामांच्या तपासणीचं काम करतो. त्याची बदली झाली आणि तिघं, म्हणजे ही दोघं आणि कॉलेजात जाणारी मुलगी, या मोठ्या शहरात आली. ताईंना लॅब लगेच मिळाली. घर मिळालं, दूधवाला मिळाला. मिळेना ती पळायला सोबत.

आधीच्या गावात त्या नऊ वर्षं नणंदेबरोबर पळत होत्या. नणंद धाकटी, तिला घरात बाबी म्हणतात. डॉक्टरांनी बाबीला साखर वाढल्याचं सांगितलं, पळायला सांगितलं, आणि बाबीनं जाहीर केलं की मी एकटी काही जाणार नाही. ताई दोन दिवसांसाठी म्हणून बरोबर गेल्या. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाताना घरातल्यांच्या तक्रारी, येताना बाहेरच्यांच्या. बाबी नवऱ्याला नावं ठेवायची, म्हणजे ताईंच्या नंदोईला, आणि ताई बाबीच्या भावाला, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला. कुणी कुणाचं वाईट वाटून घेतलं नाही. दम लागायचा तो हसून जास्त.

शहरात पहिले आठ दिवस ताई एकट्याच उतरल्या. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, मध्ये एक उखडलेली फरशी, दर दोनशे पावलांवर सिग्नल. सिग्नलला उभं राहून जागच्या जागी पाय हलवायची त्यांना लाज वाटे. नवव्या दिवशी गजर झाला, त्यांनी तो बंद केला आणि कूस बदलली. त्यानंतर गजर लावणंच सुटलं.

"अगं, गच्ची आहे ना?" नवरा म्हणाला. "चौदा फेऱ्या मारल्या की एक किलोमीटर. मी मोजलंय."

"मी काय घाण्याचा बैल आहे?"

"बैल नाही म्हटलं मी. फेऱ्या म्हटलं."

मुलीनं फोनवर शोधून एक क्लब काढला. शनिवारी, मंगळवारी, गुरुवारी, मोठ्या बागेपासून. 'सर्वांचे स्वागत' असं लिहिलेलं होतं. फॉर्म भरायचा होता.

"आई, तुझा पेस काय?"

"म्हणजे?"

"एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात?"

"बोलत बोलत, की गप्प राहून?"

"आई!"

शेवटी नऊ लिहिलं, अंदाजानं. लगेच ताई ग्रुपमध्ये आल्या. तीनशे बारा माणसं. त्या क्षणापासून फोन भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. कुणी सकाळी किती पळालं, कुणाची बुटाची जोडी झिजली, वळलेल्या मुठी, आगीच्या ज्वाळा. शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला, 'उद्या पावणेसहा, नेहमीच्या जागी.'

ताईंनी विचारलं, 'नेहमीची जागा कुठली?'

अकरा जणांनी त्यावर अंगठा दाखवला. उत्तर कुणीच दिलं नाही. तासाभरानं एकानं लिहिलं, 'बागेचं गेट.'

बागेला तीन गेटं आहेत. ताई त्यातल्या सर्वांत मोठ्या गेटाशी चाळीस मिनिटं उभ्या राहिल्या. पहारेकरी खुर्चीत बसून बघत होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"पळणारे का? ते मागच्या गेटाला असतात. दर शनिवारी कुणीतरी इथं चुकून उभं असतं."

"मग सांगत का नाही तुम्ही?"

"विचारलं कुठं कुणी?"

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर फोटो आलेला होता. चाळीसेक जण, घामेजलेले, तोंडभर हसणारे. पुढच्या रांगेतल्या एकाचे वरचे दोन दात बसवलेले आहेत एवढं ताईंनी ओळखलं.

पुढच्या शनिवारी त्या मागच्या गेटाला गेल्या. तिथं शिट्टी अडकवलेला, चमकत्या जाकिटातला एक गृहस्थ होता. सगळे त्याला कॅप्टन म्हणत.

"नवीन? पेस?"

"नऊ."

"शेवटचा ग्रुप," असं म्हणून त्यानं बोट दाखवलं आणि शिट्टी वाजवली.

शेवटचा ग्रुप साडेसातच्या वेगानं पळत होता. पहिल्या वळणापर्यंत ताई त्यांच्यात होत्या. दुसऱ्या वळणाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. तळ्यापाशी पाठीही दिसेनाशा झाल्या. आता परत फिरावं तर रस्ता माहीत नाही, पुढं जावं तर तोही माहीत नाही. पेपर टाकणाऱ्याला विचारलं, झाडूवालीला विचारलं. अनोळखी शहरात, सात किलोमीटर, रस्ता विचारत विचारत पळाल्या. गेटाशी आल्या तेव्हा सगळे फोटोसाठी ओळीत उभे होते.

"अरे वा, अजून एक आल्या!" कॅप्टन ओरडला. "टाळ्या!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नापास झालेल्याला उत्तेजनार्थ पेन देताना वाजवतात ना, तशा. ताईंना वाटलं, त्यापेक्षा गेट बंद करून घेतलं असतं तर बरं.

घरी येऊन त्यांनी बाबीला फोन लावला.

"वहिनी, टाळ्याच वाजवल्या ना? कुणी दगड मारले का? मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. नाक वाहतंय."

"मग दुसरा क्लब बघ. एवढं मोठं शहर तुमचं."

दुसरा क्लब बुटांच्या दुकानाचा निघाला. बुधवारी संध्याकाळी लॅबमधून थेट तिकडं गेल्या. आधी एका फिरत्या पट्ट्यावर पळवलं, पावलांचं चित्रण केलं, आणि एका सुटाबुटातल्या माणसानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की तुमचा डावा पाय आत वळतो. ताईंना सेहेचाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. मग चार खोके उघडून झाले. सातला पळणार होते, साडेसात झाले. ताईंनी विचारलं, पळायचं कधी? त्यावर तो म्हणाला, "आधी पायात योग्य बूट तर येऊ द्या." ताई हात हलवत परत आल्या. घरापर्यंत त्यांचं लक्ष डाव्या पायाकडंच होतं.

तिसरा क्लब तर पायाशीच सापडला. त्या राहतात त्या दहा इमारतींच्या वसाहतीत. लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला होता, 'रहिवासी धावपटू मंडळ. सेक्रेटरींना भेटा.' ताईंना वाटलं, झालं, सुटले. सेक्रेटरी तळमजल्यावर राहत.

"भाडेकरू का?" ते म्हणाले. "मग घरमालकाचं ना हरकत पत्र लागेल."

"पळायला?"

"नियम आहे. उद्या काही झालं तर?"

घरमालकाला फोनवर समजावताना नाकी नऊ आले.

"पळायला पत्र हवंय? कुठं पळून जाताय? तीन महिन्यांची नोटीस लागते हं!"

"सकाळी पळायला. वसाहतीत. आणि परत येणार आहे."

चार दिवसांनी पत्र आलं. सेक्रेटरींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "यात 'पळण्यास हरकत नाही' असं आहे. 'मंडळातून पळण्यास' असं हवं." ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं पत्र यायला आठवडा लागला. ते हातात घेऊन सेक्रेटरी समाधानानं म्हणाले, "हां, आता बरोबर आहे. फक्त सध्या मंडळात पळणं बंद आहे. आता बॅडमिंटन खेळतात."

"मग पळणारे कुठं गेले?"

"पळणारे दोघंच होते. एकजण घर सोडून गेले."

"आणि दुसरे?"

"दुसरा मी," सेक्रेटरी म्हणाले आणि पायजमा वर करून गुडघ्यावरचा पट्टा दाखवला.

त्या रात्री ताई नवऱ्यावर उगीचच ओरडल्या, मुलीशी बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांच्या हातून वीस वर्षांत झाली नव्हती अशी चूक झाली. समोरच्या दाताच्या जागी त्यांनी सुळा बसवला. लॅबचे मालक म्हातारे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी कवळी उजेडाकडं धरली.

"ताई, हा माणूस हसला की समोरचा पळून जाईल."

'पळून' हा शब्द ऐकला मात्र, ताईंचा बांध फुटला. गेटं, टाळ्या, बूट, दोन पत्रं, गुडघा, सगळं एका दमात सांगून झालं. हातातलं मेण त्यांनी इतकं दाबलं की बोटांना चिकटून बसलं. "साधं पळायचंय हो मला! ऑलिंपिकला नाही जायचं. चार पावलं कुणी बरोबर असावं एवढंच. तीनशे बारा माणसं आहेत, पण सगळ्यांच्या नुसत्या पाठी दिसतात!"

मास्तर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "हे त्या कॅप्टनला सांगितलंत?"

"त्याला कुठं सांगू? ग्रुपवर लिहिलं की अंगठे येतात."

"मग समोर जाऊन सांगा. आणि हा दात बदला."

शनिवारी ताई पावणेपाचलाच उठल्या. गर्दी जमायच्या आत कॅप्टनला एकट्याला गाठायचं आणि चांगलं खडसावायचं, मग ग्रुप सोडायचा. काय बोलायचं ते त्यांनी जिन्यातच पाठ केलं. मागच्या गेटाशी पाच वीसला पोचल्या. कॅप्टनचा पत्ता नव्हता. दिव्याखाली दोघंच होती. एक जाडजूड बाई बुटाच्या नाड्या आवळत होती, आणि एक उंच, वाळके गृहस्थ हात गोल फिरवत होते.

"उशीर केलात," बाई म्हणाली. "चला."

"मी पळायला नाही आले. भांडायला आलेय. कॅप्टनशी."

"तो पावणेसहाशिवाय उगवत नाही. तोवर इथं उभ्या राहून भांडण गार करणार का? चला, पळता पळता गरम राहील."

ताईंना नाही म्हणायला सुचलं नाही. बाई शाळेची बस चालवायची. गृहस्थ जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून ती त्यांना मोजणीदार म्हणे. दोघंही हळू पळणारी. म्हणून ती पंचवीस मिनिटं आधी निघत, म्हणजे शेवटी सगळ्यांबरोबर गेटाशी पोचत.

ताई रस्त्यातच थांबल्या. "म्हणजे तुम्ही दर वेळी इथं असता?"

"दीड वर्ष झालं," मोजणीदार म्हणाले.

"आणि हे ग्रुपवर का नाही?"

"ग्रुप कोण वाचतंय?" बसवाली म्हणाली. "मी तर पहिल्याच आठवड्यात त्याचा आवाज बंद केला."

"मी लिहिलं होतं एकदा," मोजणीदार म्हणाले. "पुष्कळ अंगठे आले."

हे ऐकून ताईंना आनंद व्हायला हवा होता. झाला उलट संताप. सहा आठवडे! एक ओळ कुणी सांगितली असती तर दुकान नको, सेक्रेटरी नको, घरमालकाची मिनतवारी नको. तळ्यापर्यंत त्या बोलत राहिल्या आणि दोघं मुकाट्यानं पळत राहिली. तळं मागं पडलं तरी ताईंचं संपलं नव्हतं. शेवटच्या वळणावर मागून धपधप पावलं आली आणि कॅप्टन बाजूनं सूं करून गेला.

"वा ताई! छान!"

"थांबा! मला बोलायचंय तुमच्याशी!"

तो हात हलवत दिसेनासा झाला. गेटाशी मात्र ताईंनी त्याला फोटोच्या आधी धरला आणि पाठ केलेलं सगळं ऐकवलं, थोडं मागंपुढं झालं तरी. कॅप्टन खराच गोंधळला.

"पण आम्ही सगळ्यांना सामावून घेतो, ताई. लिहिलंय तसं."

"ते राहू द्या. कुठलं गेट ते लिहा. आणि हळू पळणारे पाच वीसला निघतात हेही लिहा."

त्यानं तिथल्या तिथं फोन काढून लिहिलं. गेट लिहिलं, पाच वीस लिहायचं विसरला. ताईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा तेही लिहिलं.

आता ताई आठवड्यातून तीनदा जातात. सोन्याचे दिवस आले असं काही नाही. बसवाली पळताना तोंड उघडत नाही, दम टिकवायचा असतो म्हणे. मोजणीदार उघडतात, पण त्यांच्याकडं एकच विषय, कुणाची भिंत कुणाच्या हद्दीत किती वीत घुसली. नवऱ्याबद्दल तक्रार करावी तर दोघांनाही त्याचं काही देणंघेणं नाही. काही वेळा ताई गेल्या होत्या त्याहून जास्त वैतागून परत येतात आणि अंघोळीला जाताना दार आपटतात.

ग्रुपवरचं वाचून आणखी दोघं एकदा पाच वीसला आली. त्यांना हे फारच हळू वाटलं. पुढच्या वेळी ती पावणेसहाला गेली.

गेल्या आठवड्यात नवीनच निघालं. शाळेची वेळ बदलली, म्हणून बसवालीला पाच दहाला निघायचंय. ताई म्हणाल्या, दहा मिनिटं आधी म्हणजे माझी झोप साडेचारला मोडणार, जमणार नाही. बसवाली म्हणाली, मग तुम्ही दोघं या मागनं. त्यावर ताई म्हणाल्या, मोजणीदारांबरोबर मी एकटी येणार नाही, भिंती ऐकून ऐकून माझं डोकं भणभणतं. मोजणीदार तिथंच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि हात गोल फिरवत राहिले. ताईंना ओशाळल्यासारखं झालं, पण माफी मागायचं राहून गेलं.

सध्या सव्वापाच ठरलंय. दोघींनाही ते पटलेलं नाही. मोजणीदार पाचलाच येऊन उभे असतात.