अक्कांना दिलेलं बी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाय. ह्यांच्याजवळ नाय, लेकीजवळ नाय. तुम्हाला सांगते, पण फुलापासून सुरुवात करते—कारण त्या फुलाची आठवण झाली की मला अजून एका जागी बसवत नाय. खोटं कशाला बोलू, लाज नंतर वाटते, आधी आनंदच होतो.

बजाजनगरात आमचं दोन खोल्यांचं घर, वर गच्ची. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एका फुटक्या बादलीत मी टमाटे लावले होते—ते बोराएवढे बारके, चेरी टोमॅटो म्हणतात ते. बी कुठलं? तर ह्यांच्या कंपनीतल्या साहेबांच्या मुलीचं रिसेप्शन होतं. तिथं काकडी-गाजराची नक्षी मांडलेली, तिच्यात हे टमाटे खोचलेले. सगळे गुलाबजाम वाढून घेत होते अन् मी दोन टमाटे रुमालात बांधत होते. हसा खुशाल.

पण आधी एक सांगायला पाहिजे. माझ्या हाताला झाड लागत नव्हतं. तुळस आणली तरी महिन्यात वाळायची. आणि आमच्या घरात हाताचा मान कुणाचा, तर अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, देवगाव रंगारीला शेतीवर असतात. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, तरी पहिलं तास बैलाच्या तिफणीनंच घालतात, अन् तिफणीच्या चाड्यात, त्या वरच्या लाकडी वाटीत, बी सोडायला पहिली मूठ अक्कांचीच. शेजारच्या वावरातले लोकसुद्धा बोलवायला यायचे, तेवढा हात लावून जा म्हणून. आणि सासूबाई माझ्याकडं बघून म्हणायच्या, शालनला लांब ठेवा रे, हिरवं असंल ते पिवळं होईल. चेष्टेनंच म्हणायच्या. सगळे हसायचे, मीपण हसायचे. अक्का मात्र कधी हसल्या नायत. हेपण सांगायला पाहिजे, नाय का?

तर ते झाड. थंडीचे दिवस होते. सकाळी कपडे वाळत घालायला वर गेले अन् ओला पिळा हातात तसाच राहिला. टमाट्याचं फूल केवढं असतं? करंगळीच्या नखाएवढं, खाली मान घातलेलं. हे रुपयाच्या नाण्याहून मोठं, वर तोंड करून बसलेलं. पाकळ्या मोजायला लागले तर दोनदा चुकले. देठ जाड, चपटा, अन् मधे तीन-चार फुलं एकमेकांना शिवून टाकल्यासारखी. वाटलं, कुणी शेवंती खोचून ठेवली की काय? हळूच ओढून पण बघितलं. झाडाचंच होतं. माझ्या झाडाचं. त्या दिवशी कपडे दुपारपर्यंत बादलीतच राहिले.

मग त्या फुलाचं फळ आलं. गोल नव्हतंच—चुण्या पडलेलं, दोरी ओढलेल्या बटव्यासारखं. बाकीचे बोराएवढेच होते, पण चव राहू द्या बाजूला, दाताखाली कसे लागायचे ते ऐका. टमाटा चावला की पचकन फुटतो, व्हय ना? हे कचकन तुटायचे. कवळ्या पेरूसारखे. साल करकरीत, गर घट्ट, पाणी जेमतेम. मला काय करू अन् काय नको झालं. डबा भरून गुलमंडीला साडीच्या दुकानात नेले, पिको-फॉलवाल्या बाईला खायला लावले, येताना रिक्षावाल्या चाचांना पण दिले. चाचांनी गाडी बाजूला घेऊन खाल्ला अन् म्हणाले, "बाजी, ये टमाटा है के बेर है?" त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

संक्रांतीच्या सुमाराला अक्का आल्या. डोळे दाखवायला शहरात आल्या की आमच्याकडंच उतरायच्या. गच्चीवर मीच नेलं त्यांना. दाखवायची हौस कुणाला होती? मलाच. तोवर दुसरं तसंच रुंद फूल आलं होतं. अक्कांनी ते बघितलं अन् पायातल्या चपला काढून ठेवल्या. एक टमाटा खाल्ला, बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "शालन, तुझा हात लागला गं बाई. ह्याचं बी दे मला, वावरात लावते."

ह्यात काय वाईट होतं? काहीच नाय. उलट मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हाताचं म्हणालं होतं, अन् तेपण अक्का. पण माझ्या कानाला पुढचंच ऐकू आलं. आता हे बी देवगावला जाणार, अक्कांच्या हातानं सरीच्या सरी लागणार, अन् लोक म्हणणार—अक्कांचे टमाटे. माझी फुटकी बादली कोण धरतंय हिशोबात? माझं म्हणून एवढं एकच होतं. आणि तेपण त्यांचंच व्हायचं?

नाय म्हणायची सोय नव्हती. तहानलेल्याला पाणी अन् मागणाऱ्याला बी, ह्याला आमच्यात नाय म्हणत नायत. बी मी आधीच काढून, धुऊन, वाळवून ठेवलेलं. राखेत चोळायचं, फडक्यात बांधायचं अन् त्यांच्या ओटीत घालायचं, एवढंच काम. अक्का बाहेरच्या खोलीत ह्यांच्याशी बोलत बसल्या होत्या. मी आत गेले. भाकरी नुकत्याच झाल्या होत्या, तवा अजून शेगडीवर तापलेला—

सांगते. आता थांबत नाय. अक्कांच्या वाट्याचं बी मी त्या तव्यावर टाकलं. जिरं परततात तसं हलवलं. करपू दिलं नाय. रंग जरा बदलला, तो राखेत झाकला. पुरचुंडी बांधली, त्यांच्या ओटीत घातली आणि पाया पडले. अक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बी उगवलं नाय. अक्कांनी शेणखत घालून वाफा केला, वर पोतं झाकलं, उरलेलं बी दुसऱ्या जागी टाकून बघितलं. फोन आला, तेव्हा मी म्हणाले, हवा मानवली नसंल अक्का. मला वाटलं, संपलं. दोन दिवस हळहळतील अन् विसरतील. अक्का विसरल्या नायत.

मृगात पेरणीला आम्ही गावाकडं गेलो. तिफण उभी राहिली, बैल जुंपलेले, सगळे अक्कांची वाट बघत होते, अन् अक्कांनी दोन्ही हात पदरात घेतलेले. म्हणाल्या, "माझ्या हाताचा गुण गेला. शालनचं एवढं जितं बी माझ्या हातात मेलं. मूठ शालनला धरू द्या." सगळे त्यांना समजावत होते. मी तिथंच होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, फार मोठं पण नाय. बोलले का? मी पदर खोचला अन् ओटी पसरली.

आणि मला आनंद झाला. तव्याचं सोडा, खरं सांगायचं होतं ते हे. मुठीतून बी चाड्यात सुटायला लागलं तसं अंगावर काटा आला, नाचावंसं वाटलं. त्या वर्षी पीक असं आलं की सासूबाईंनी माझा हात हातात घेऊन बघितला.

पुढं एका नर्सरीवाल्यानं मला सहज सांगितलं, तसलं रुंद फूल बियात नसतं, थंडीनं येतं. करकरीतपणा बियातून पुढच्या झाडात उतरतो, फूल उतरंलच असं नाय. माझ्याच बादलीत कितीदा साधीच फुलं आली. ह्या हिवाळ्यात मात्र परत आलंय एक, मघाशीच बघून आले, अजून छाती धडधडतीय.

पेरणीची पहिली मूठ तेव्हापासून माझीच आहे. गेल्या मृगातही होती. अक्का ओटी भरायला बी घेऊन येतात. सुपातनंच ओततात, आपला हात बियाला लागू देत नायत. आणि मी ओटी धरते.