शेवंताचं जोतं

रायपूरजवळच्या बीरगावात तलावाकाठी शेवंताच्या घरात शिरायचं तर मान खाली घालावी लागे. नव्या माणसाला वाटे, दारच ठेंगणं. दार चांगलं पुरुषभर उंच होतं; जमीनच वर चढत आली होती.

शेवंता भंडाऱ्याकडची. नवरा हिरालाल उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्या सुमारास दोघांनी तलावाच्या उतारावर एक खोली बांधली. तेव्हा पाऊस आठवडा आठवडा रिपरिपत राही आणि तलाव त्याला मुकाट पोटात घेई. मग पावसाची चाल बिघडली. आषाढ कोरडा जायचा आणि श्रावणातल्या एखाद्या दुपारी महिन्याचं पाणी एकदम अंगावर यायचं.

ज्याचं जोतं खाली त्याच्या चुलीत साऱ्या पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं पाणी, हा तिथला कायदा. म्हणून दर उन्हाळ्यात जो तो आपलं जोतं उचले. कारखान्यांची काळी खडी, स्लॅग, फुकट मिळे. ट्रकवाल्यांना ती कुठंतरी ओतायचीच असे. घरात भरून उरली की तलावात ढकलायची. यात शेवंता सगळ्यांच्या पुढं. धुम्मस घेऊन ती स्वतः खडी ठोके, वर शेणानं सारवी, बुद्धाच्या तसबिरीचा खिळा वीतभर वर घेई आणि शेजारणीला ऐकवी, "पाय बाई, तुह्या घरातलं पाणी आता माह्या घरात येत नाही. माह्यातलं तुह्यात जाईन."

पुढच्या उन्हाळ्यात शेजारीण तिच्याहून वीतभर वर.

छप्पर मात्र जिथल्या तिथं. टिना डोक्याला लागायला आल्या, तसबीर टिनांना टेकली. वैशाखात दुपारी त्या टिना कडकड वाजत, आणि मिलच्या धुरानं छाती खाल्लेला हिरालाल ओल्या पंच्याखाली मासोळीसारखा तोंड उघडून पडून राही. शेवंता काम करता करता कान त्याच्या छातीकडे ठेवी.

एक दिवस सर्वेवाला आला आणि भिंतीवर लाल रंगानं नंबर टाकू लागला तोच शेवंता दारात उभी.

"काहून रंगवून राहिला, भैया?"

"डूब में आता है, अम्मा. खाली करना पड़ेगा. फ्लॅट मिलेगा ना, तीसरा माला."

"लिफ्ट आहे का?"

"लिफ्ट तो नहीं है."

"माह्या माणसाले नळापर्यंत चालवत नाही. तिसऱ्या माळ्यावर का उडत जाईन?"

"बारिश से डर नहीं लगता?"

"लागते. म्हणूनच तं जोतं उचललं."

तिनं नंबर शेणानं सारवून टाकला. गोल बाजारात कापडाच्या दुकानात कामाला जाणारी तिची पोरगी नीलिमा म्हणाली, "आई, चल ना यहाँ से. बादल दिखता है तो मैं ग्राहक छोड़के सड़क देखती हूँ."

"अन् तुह्या बापाले कोण चढवीन?"

नीलिमानं डबा उचलला आणि ती दुकानाला निघाली.

त्या श्रावणात एका दुपारी आभाळ कढईच्या बुडासारखं काळं झालं. नीलिमा दुकानात होती. शेवंतानं खडीची पोती दारात रचली, फटी चिखलानं लिंपल्या आणि पोत्यांवरून गल्लीकडे डोळे लावून बसली. पाणी चढलं, पोत्यांना लागलं, थांबलं. तिला आत कुठंतरी हसू फुटलं.

"शेवंते," मागून हिरालाल म्हणाला, "बाज हालून राहिली."

"भास होते तुमाले."

"अवं, बाजेचे पाय ओले झाले."

तिनं मान वळवली. सारवणाला भेगा पडल्या होत्या आणि भेगाभेगांतून बुडबुडे येत होते. पाणी दारातून आलंच नव्हतं. ते खालून, तिनं वर्षानुवर्षं ठोकलेल्या खडीतून वर येत होतं, काळं, कोमट. दाबलेल्या तलावाला वाट सापडली होती. बघता बघता बाजेचा एक पाय करकरत जमिनीत रुतला.

आणि दार? आधीच ठेंगणं, त्यात पोती. आजारी माणसाला तिनं आपल्या हातानं कोंडलं होतं. ती नखांनी पोती ओढू लागली, तसं गल्लीतलं पाणीही आत घुसलं.

"वाका जरा. वाकून निघा."

"वाकलं का दमच जाते, शेवंते."

बाहेरून शेजारचा प्रफुल्ल, टेम्पो चालवणारा, छातीभर पाण्यात धडपडत आला. त्यानं हात आत घालून हिरालालचे पाय धरले.

"असं नको," शेवंता ओरडली, "पाय पुढं करून जित्या माणसाले काढत नाही."

"मावशी, रिवाज मेल्यावर पाळू. डोकं धर."

तिनं डोकं धरलं. टिना तिची पाठ खरवडत होत्या.

घर तीन दिवसांनी बसलं. शहराबाहेरच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या माळ्यावर, चार जणांनी हिरालालला खुर्चीसकट चढवलं. वर टेकल्यावर, श्वास जुळल्यावर तो म्हणाला, "चौघांनी वर आणलं. आता खाली नेयालेबी चौघंच लागतीन." प्रफुल्लनं खुर्ची उगाच सरळ केली.

दार तिथं उंच आहे, तरी शेवंता वाकूनच आत येते. पाण्याची धास्ती सरली. पण त्या माळ्यावर दुसरा माळा नाही, थेट आभाळ. फाल्गुन संपायचा आहे, लाईट आत्ताच दुपारभर जाते. पंखा थांबला की ती स्टुलावर चढून छताला तळवा लावते. सूर्य बुडाल्यावरही स्लॅब तव्यासारखा. वैशाख पुढंच आहे.

"काय पाहून राहिली तिथं?" हिरालाल विचारतो.

"जाळं काढून राहिली," ती म्हणते, आणि उतरून पंचा भिजत घालते.